एक कक्षा, दोन उपग्रह : जेनस आणि एपिमीथियस यांच्या शोधाचे प्रकरण

शनीच्या दहाव्या उपग्रहाचा शोध डिसेंबर १९६६ मध्ये जाहीर झाला. तो एक उपग्रह नसून दोन आहेत, हे ध्यानात यायला पुढची जवळपास बारा वर्षे लागली. या बारा वर्षांत कोणी हलगर्जीपणा केला नव्हता, कोणाची दुर्बीण सदोष नव्हती आणि छायाचित्रांच्या काचांवर उमटलेले ठिपकेही खरे होते. तरीही त्या ठिपक्यांतून निघालेली कक्षा चुकीची होती, कारण सगळे ठिपके एकाच वस्तूचे आहेत असे धरून गणिताला सुरुवात झाली होती. सौरमालेत जवळजवळ एकाच कक्षेत राहून वाटांची अदलाबदल करणारी अशी दुसरी जोडी आजवर सापडलेली नाही, त्यामुळे त्या वेळी हे गृहीतक कोणाला खटकले नाही यात नवल नाही. निरीक्षण अचूक असूनही निष्कर्ष कसा चुकतो आणि तो पुढे कसा दुरुस्त होतो, हे या प्रकरणात पायरीपायरीने पाहता येते. म्हणून शोधाचा आणि कक्षेचा असा दोन्हींचा तपशील येथे एकत्र मांडला आहे.

शोधाची खिडकी

शनीच्या जवळच्या लहान उपग्रहांचा शोध घेण्यात मुख्य अडथळा असतो तो त्याच्या कड्यांच्या तेजाचा. आज ज्यांना आपण जेनस आणि एपिमीथियस म्हणतो ते दोघे शनीच्या केंद्रापासून सरासरी १,५१,४०० किलोमीटरांच्या आसपास फिरतात, तर तेजस्वी मुख्य कड्यांपैकी सर्वांत बाहेरच्या अ-कड्याची बाहेरची कड सुमारे १,३६,८०० किलोमीटरांवर संपते. म्हणजे कड्याच्या काठापासून हे उपग्रह जेमतेम पंधरा हजार किलोमीटर दूर असतात. पृथ्वीवरून पाहताना हे अंतर सुमारे दोन विकलांचे, म्हणजे एका अंशाच्या ३,६००व्या भागाच्या दुप्पट एवढेच दिसते. वातावरणाच्या थरथरीने ताऱ्याचा ठिपका एरवीही एखाद-दोन विकलांएवढा पसरलेला असतो. त्यात हे उपग्रह चौदाव्या-पंधराव्या प्रतीचे, म्हणजे शनीच्या तेजापेक्षा लाखाहून अधिक पटींनी मंद आहेत. सर्वसाधारण वर्षी कड्यांच्या झगमगाटात ते पूर्णपणे बुडून जातात.

ही अडचण दूर होते ती शनीच्या साडेएकोणतीस वर्षांच्या प्रदक्षिणेत दोन वेळा, म्हणजे साधारण चौदा-पंधरा वर्षांनी एकदा. त्या काळात पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून जाते आणि कडी आपल्याला अगदी धारेवरून दिसतात. लाखो किलोमीटर रुंदीची ही रचना बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच जाड असल्याने ती जवळपास दिसेनाशी होते. पृथ्वी आणि शनी दोघेही फिरत असल्यामुळे कधीकधी एकाच पर्वात पृथ्वी हे प्रतल तीन वेळा ओलांडते. १९६६ मध्ये तसेच झाले, आणि तिसरे ओलांडणे डिसेंबरच्या मध्यानंतर लगेच आले. दहाव्या उपग्रहाचा शोध नेमका त्याच दिवसांत लागला, कारण वर्षानुवर्षे बंद असलेली खिडकी त्या दिवसांत उघडी होती.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ओदुआँ दॉल्फ्युस यांनी पिरेनीज पर्वतातील पिक द्यू मिदी वेधशाळेतून १५ डिसेंबर १९६६ रोजी घेतलेल्या छायाचित्रांत कड्यांच्या रेषेजवळ एक नवा ठिपका ओळखला. त्या काळी शनीचे नऊ उपग्रह ज्ञात होते आणि नववा, फीबी, विल्यम पिकरिंग यांनी १८९९ मध्ये जाहीर केला होता. त्याच पिकरिंग यांनी १९०५ मध्ये ‘थीमिस’ नावाचा दहावा उपग्रहही जाहीर केला होता, पण तो पुन्हा कोणालाच सापडला नाही. त्यामुळे ‘दहावा’ या आकड्याभोवती आधीच थोडे संशयाचे वलय होते. दॉल्फ्युस यांचा ठिपका मात्र टिकला. त्यांनी त्याला जेनस हे नाव सुचवले. जेनस हा रोमन पुराणांतील दोन मुखांचा देव, आणि पुढे जे उघड झाले ते पाहता हे नाव योगायोगानेच फार समर्पक ठरले.

तीन दिवसांनी, १८ डिसेंबरला, अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ येथील नौदल वेधशाळेत रिचर्ड वॉकर यांनीही कड्यांच्या जवळ एक मंद ठिपका टिपला. त्यांनी आणि इतर सर्वांनी तो दॉल्फ्युस यांचाच उपग्रह असल्याचे मानले. आज आपल्याला माहीत आहे की वॉकर यांनी पाहिलेला उपग्रह दुसरा होता. तो एपिमीथियस होता.

न बसणारी कक्षा

हाती असलेल्या नोंदींवरून जेनसची कक्षा काढण्यात आली. तिचा परिभ्रमणकाळ सुमारे १८ तास, म्हणजे ०.७४९ दिवस आला आणि त्या हिशोबाने शनीपासूनचे अंतर १,६०,००० किलोमीटरांच्या आसपास निघाले. पुढची कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत आणि तक्त्यांत हाच आकडा छापला गेला. प्रत्यक्ष काळ ०.६९४५ दिवस, म्हणजे १६ तास ४० मिनिटे इतका आहे. काळातील फरक सव्वा तासाहून अधिक आणि अंतरातील फरक आठ हजार किलोमीटरांच्या घरातला आहे. ही काही किरकोळ चूक म्हणता येणार नाही.

ती का झाली हे समजण्यासाठी त्या नोंदींचे स्वरूप नीट पाहायला हवे. कडी धारेवर असताना त्यांच्या प्रतलात फिरणाऱ्या उपग्रहाची कक्षाही आपल्याला धारेवरून दिसते. वर्तुळाकार वाट डोळ्यांना एक सरळ रेषा वाटते आणि उपग्रह त्या रेषेवर मागेपुढे सरकताना दिसतो. प्रत्येक छायाचित्रातून मिळतो तो एकच उपयुक्त आकडा : शनीच्या केंद्रापासून उजवीकडे किंवा डावीकडे किती विकला. उपग्रह त्या क्षणी आपल्याकडे येत होता की दूर जात होता, हे एकट्या छायाचित्रावरून कळत नाही. शिवाय शनीच्या तेजामुळे उपग्रह फक्त रेषेच्या दोन टोकांजवळ असतानाच दिसतो, आणि एका वेधशाळेला एका रात्रीत शनी काही तासच पाहता येतो. दोन रात्रींच्या मध्ये उपग्रहाने किती पूर्ण फेऱ्या मारल्या, हा आकडा निरीक्षकाला गृहीत धरावा लागतो. चार धरल्या तर एक काळ येतो आणि साडेचार धरल्या तर दुसरा.

अशा विरळ नोंदींत चुकीचे कालावधी आपसूक बसून जातात. ०.७४९ दिवसाचा काळ घेतला तर तीन दिवसांत जवळजवळ नेमक्या चार फेऱ्या होतात, म्हणजे तीन दिवसांच्या अंतराने उपग्रह पुन्हा त्याच बाजूला त्याच जागी दिसायला हवा. खऱ्या काळाने तीन दिवसांत ४.३२ फेऱ्या होतात आणि उपग्रह अगदी वेगळ्या जागी असतो. एका रात्रीचा ठिपका एका उपग्रहाचा आणि दुसऱ्या रात्रीचा ठिपका दुसऱ्याचा असेल, तर या दोघांना जोडणारी कोणतीही एक कक्षा मुळात खोटीच असणार. गणित करणाऱ्याला मात्र ती सापडते, कारण आकडे कमी आणि मोकळीक भरपूर असते. उरलेल्या नोंदी या कक्षेत नीट बसत नव्हत्या, पण एवढ्या मंद आणि तेजाने वेढलेल्या ठिपक्याच्या बाबतीत ती विसंगती मोजमापातील अनिश्चिततेच्या खात्यावर टाकणे सोपे होते.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच जागा. नोंदी जुळत नसल्या की आपण प्रथम मोजमापावर संशय घेतो, नंतर सूत्रावर, आणि वस्तूंच्या संख्येवर सर्वांत शेवटी. येथे क्रम उलटा असता तर उत्तर कदाचित लवकर मिळाले असते. पण तसे होण्यात एक खरा सैद्धांतिक अडसरही होता. दोन उपग्रह एकाच कक्षेत असतील तर त्यांच्या काळात थोडा तरी फरक असणार, आणि फरक असेल तर वेगवान उपग्रह कधी ना कधी संथ उपग्रहाला गाठणार. मग त्यांची टक्कर तरी व्हायला हवी किंवा ते एकमेकांना दूर तरी फेकायला हवेत. असा विचार करणाऱ्याला दोन उपग्रहांची कल्पना आधीच अशक्य वाटली असणार.

स्टीफन लार्सन आणि जॉन फाउंटन या ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी १९७८ मध्ये १९६६ च्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांनी नवी दुर्बीण वापरली नाही आणि नवे छायाचित्रही घेतले नाही. खिडकी तर बंदच होती. जुन्या ठिपक्यांची स्थाने एका कक्षेत बसवण्याचा आग्रह त्यांनी सोडला आणि ती दोन गटांत विभागली असता सगळ्या नोंदी व्यवस्थित समजावता येतात हे दाखवले. दोन्ही गटांच्या कक्षा मात्र जवळजवळ एकसारख्या निघाल्या. आज अधिकृत नोंदींत जेनसच्या शोधाचे श्रेय दॉल्फ्युस यांना आणि एपिमीथियसच्या निरीक्षणाचे श्रेय वॉकर यांना दिले जाते. ते योग्यच आहे, पण ‘दोन आहेत’ हे वाक्य प्रथम पुराव्यानिशी मांडणारे लार्सन आणि फाउंटन यांचा वाटा माझ्या मते त्याहून तसूभरही कमी नाही.

खातरजमा

त्यानंतरच्या दोन वर्षांत घटना झपाट्याने घडल्या. १ सप्टेंबर १९७९ रोजी पायोनिअर ११ हे शनीजवळून जाणारे पहिले यान ठरले. कड्यांच्या बाहेर असताना यानाच्या उपकरणांना विद्युतभारित कणांची संख्या अचानक काही क्षणांसाठी खाली गेल्याचे दिसले. एखादा घन पदार्थ चुंबकीय क्षेत्रातील कण शोषून घेत असला तर त्याच्या आसपास कणांची अशी पोकळी तयार होते. यान एका अज्ञात उपग्रहापासून काही हजार किलोमीटरांवरून गेले होते. तो बहुधा एपिमीथियस होता. न पाहिलेल्या उपग्रहाला यानाने जवळजवळ धडक दिली असती, ही गोष्ट मोहिमेच्या दृष्टीने चिंतेची आणि शोधाच्या दृष्टीने मोलाची होती.

१९८० च्या सुरुवातीला कडी पुन्हा धारेवर आली आणि या वेळी निरीक्षक तयारीत होते. फेब्रुवारी महिन्यात दोन्ही उपग्रह पृथ्वीवरून वेगवेगळे टिपले गेले आणि त्यांना १९८० एस१ आणि १९८० एस३ अशी तात्पुरती नावे मिळाली. त्याच हंगामात शनीच्या डायोनी या मोठ्या उपग्रहाच्या कक्षेत तिच्या पुढे चालणारा हेलेनी हा लहान उपग्रह पिक द्यू मिदी वेधशाळेतूनच सापडला आणि टेथिस या दुसऱ्या मोठ्या उपग्रहाच्या कक्षेतील टेलेस्टो आणि कॅलिप्सो यांचाही पत्ता लागला. एका कक्षेत एकाहून अधिक उपग्रह असू शकतात, ही कल्पना काही आठवड्यांत अपवादावरून नेहमीच्या यादीत येऊन बसली. नोव्हेंबर १९८० मध्ये व्हॉयेजर १ यानाने दोघांचीही छायाचित्रे पाठवली आणि शंका उरली नाही. पुढे १९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने जेनस हे नाव अधिकृत केले आणि दुसऱ्याला एपिमीथियस हे नाव दिले.

गाठतात, पण ओलांडत नाहीत

आता मूळ कोड्याकडे वळता येईल. दोन्ही उपग्रहांच्या कक्षांच्या सरासरी त्रिज्यांत फरक आहे तो फक्त ५० किलोमीटरांचा. जेनसचा सरासरी व्यास सुमारे १७९ किलोमीटर आणि एपिमीथियसचा सुमारे ११६ किलोमीटर आहे. म्हणजे दोन वाटांमधले अंतर या दोहोंपैकी लहान उपग्रहाच्या अर्ध्या व्यासापेक्षाही कमी आहे. दोघे शेजारी आले तर एकमेकांना न घासता पुढे जाण्याइतकी जागाच नाही.

आतल्या वाटेवरचा उपग्रह नियमाप्रमाणे थोडा वेगाने फिरतो. त्याची फेरी बाहेरच्यापेक्षा जवळपास अर्ध्या मिनिटाने लवकर पूर्ण होते. त्यामुळे तो रोज साधारण पाव अंशाने पुढच्याच्या जवळ सरकतो. दोघेही शनीभोवती सेकंदाला सुमारे १६ किलोमीटर वेगाने धावत असताना त्यांचा परस्परसापेक्ष वेग मात्र ताशी २८ किलोमीटरच असतो. सायकलस्वाराच्या वेगाने चाललेला हा पाठलाग जवळपास साडेनऊ लाख किलोमीटर परिघाच्या वर्तुळावर चालतो आणि म्हणून एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत सुमारे चार वर्षे जातात.

अखेर आतला उपग्रह बाहेरच्याच्या मागे काही दहा हजार किलोमीटरांवर येऊन पोहोचतो. आतापर्यंत नगण्य असलेले परस्परांचे गुरुत्वाकर्षण येथे परिणाम दाखवू लागते. मागून येणाऱ्याला पुढचा उपग्रह पुढे ओढतो, आणि पुढच्याला मागचा उपग्रह मागे खेचतो. पहिल्या नजरेला वाटेल की पुढे ओढला गेलेला उपग्रह अधिक वेगाने धावून पुढच्यावर आदळेल. कक्षेतील वस्तूचे वागणे याच्या उलट असते. पुढे ओढ मिळाली की तिची ऊर्जा आणि कोनीय संवेग (शनीभोवतीच्या फिरण्याचे वस्तुमान, वेग आणि अंतर यांवरून ठरणारे माप) वाढतो, वाढलेल्या ऊर्जेने ती शनीपासून दूरच्या वाटेवर चढते, आणि दूरच्या वाटेवर फेरी पूर्ण करायला अधिक वेळ लागतो. म्हणजे पुढे ओढलेला उपग्रह प्रत्यक्षात मागे पडू लागतो. तिकडे मागे खेचलेला बाहेरचा उपग्रह ऊर्जा गमावून आतल्या वाटेवर उतरतो आणि अधिक वेगवान होतो. काही आठवड्यांत ही देवाणघेवाण पूर्ण होते. जो आत होता तो बाहेर गेलेला असतो, जो बाहेर होता तो आत आलेला असतो, आणि दोघांमधले अंतर पुन्हा वाढू लागते. सर्वांत जवळ असतानाही त्यांच्यात सुमारे १०,००० किलोमीटरांहून कमी अंतर कधीच राहत नाही. या सगळ्या घडामोडीत त्यांच्या वेगात होणारा बदल सेकंदाला काही मीटरांचाच असतो.

या देवाणघेवाणीत दोघांना सारखाच संवेग मिळतो किंवा गमवावा लागतो, परंतु त्यांचे वस्तुमान सारखे नाही. जेनस एपिमीथियसपेक्षा साधारण साडेतीन पटींहून थोडा अधिक जड आहे. म्हणून प्रत्येक अदलाबदलीत एपिमीथियसची वाट सुमारे ८० किलोमीटर सरकते, तर जेनसची सुमारे २० किलोमीटरच. शनीभोवती सरासरी गतीने फिरणाऱ्या एखाद्या निरीक्षकाला या दोघांचा मार्ग घोड्याच्या नालासारखा दिसेल : एपिमीथियस एका लांबलचक नालावर फिरतो, टोकाशी येऊन वळतो आणि दुसऱ्या बाजूने परत जातो, जेनस त्याच्या समोर लहान आणि अरुंद नालावर तेच करतो. पूर्ण चक्राला आठ वर्षे लागतात.

नालाकृती मार्गाचे गणित नवे नव्हते. गणितज्ञ लाग्रांज यांनी १७७२ मध्येच दाखवले होते की मोठ्या वस्तूच्या कक्षेत तिच्या ६० अंश पुढे आणि मागे लहान वस्तू टिकू शकते. १९०६ मध्ये माक्स वोल्फ यांना गुरूच्या कक्षेत अकिलीज हा लघुग्रह तसाच सापडला. त्या बिंदूंभोवतीच्या आंदोलनाचा आवाका खूप वाढला तर दोन्ही बाजूंचे मार्ग जोडले जाऊन नाल तयार होतो, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गणितज्ञांना माहीत होते. नव्हते ते प्रत्यक्ष उदाहरण. १९८१ मध्ये रॉबर्ट हॅरिंग्टन आणि केनेथ सायडेलमन यांनी संगणकावर या दोघांची गती पुढे चालवून पाहिली, आणि त्याच सुमारास स्टॅन्ली डर्मॉट व कार्ल मरे यांनी अशा मार्गांचा सिद्धांत सविस्तर मांडला. एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. लाग्रांजच्या मांडणीत एक वस्तू दुसरीपेक्षा नगण्य असते, तर येथे दोन्ही उपग्रह एकमेकांना हलवतात, आणि म्हणूनच नालही एक नसून दोन असतात.

येथे एका गैरसमजाची शक्यता दूर करायला हवी. ‘५० किलोमीटर’ हा फरक सरासरी अंतरांतला आहे. दोन्ही कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहेत. जेनसची विमध्यता (कक्षा वर्तुळापासून किती ढळली आहे याचे माप) सुमारे ०.००७ आणि एपिमीथियसची सुमारे ०.०१० आहे. आकडे लहान असले तरी दीड लाख किलोमीटरांच्या त्रिज्येवर त्यांचा अर्थ असा होतो की प्रत्येक फेरीत जेनस सुमारे हजार किलोमीटर, तर एपिमीथियस सुमारे दीड हजार किलोमीटर सरासरीच्या आत-बाहेर जातो. दोघांच्या कक्षांचा शनीच्या विषुववृत्ताशी असलेला कलही थोडा वेगळा आहे. म्हणजे एखाद्या क्षणी ‘बाहेरचा’ उपग्रह प्रत्यक्षात ‘आतल्या’पेक्षा शनीच्या जवळ असू शकतो. कोण आतला आणि कोण बाहेरचा हे ठरते ते सरासरी अंतरावरून, म्हणजेच कोण किती काळात फेरी पूर्ण करतो त्यावरून. एखाद्या छायाचित्रातील अंतर मोजून ते ठरवता येत नाही. १९६६ च्या तुटपुंज्या नोंदींतून हे सूक्ष्म भेद निघणे शक्यच नव्हते, ही गोष्टही दॉल्फ्युस यांच्या बाजूने सांगायला हवी.

कक्षेतून निघालेली माहिती

या विलक्षण गतीचा एक मोठा लाभ म्हणजे तिच्यातून दोन्ही उपग्रहांचे वस्तुमान मोजता येते. लहान उपग्रहाचे वस्तुमान काढायचे तर एरवी यान त्याच्या अगदी जवळून न्यावे लागते आणि यानाच्या मार्गातील विचलन मोजावे लागते. येथे हे काम उपग्रह स्वतःच एकमेकांवर करतात. कोणाची वाट किती सरकली यावरून वस्तुमानांचे गुणोत्तर मिळते, आणि गाठीच्या वेळी ते एकमेकांच्या किती जवळ येऊन वळले यावरून एकूण वस्तुमान कळते. या मोजमापांतून दोघांची घनता पाण्याच्या घनतेच्या सुमारे दोन-तृतीयांशाहूनही थोडी कमी निघते. निव्वळ बर्फाचा भरीव गोळाही याहून घन असतो. म्हणजे दोन्ही उपग्रह आतून पोकळ्यांनी भरलेले, सैलसर रचलेल्या बर्फाळ तुकड्यांचे बनलेले असावेत. त्यांचे ओबडधोबड आकार आणि विवरांनी भरलेले पृष्ठभाग पाहता ते दोघे एकेकाळी फुटलेल्या एकाच मोठ्या पिंडाचे अवशेष असावेत, असाही तर्क केला जातो. कक्षा इतक्या सारख्या असण्याचे ते सर्वांत सरळ कारण ठरेल.

कॅसिनी यान २००४ च्या मध्यापासून १५ सप्टेंबर २०१७ पर्यंत शनीभोवती होते, आणि त्या काळात अदलाबदलीचे प्रसंग जानेवारी २००६ मध्ये आणि त्यानंतर दर चार वर्षांनी आले. पूर्वी ज्या हालचालींचा अंदाज केवळ गणिताने बांधला होता त्या आता जवळून मोजता आल्या. २००६ मध्ये कॅसिनीने सूर्य शनीच्या आड असताना घेतलेल्या छायाचित्रांत या दोघांच्या कक्षेच्या जागी धुळीचे एक अतिशय विरळ कडेही दिसले. सुमारे ५,००० किलोमीटर रुंदीचे हे कडे उपग्रहांवर आदळणाऱ्या सूक्ष्म उल्कांमुळे उडालेल्या धुळीचे आहे.

त्याहून महत्त्वाचा परिणाम अ-कड्याच्या बाहेरच्या कडेवर दिसला. तेथील कण सात फेऱ्या पूर्ण करतात तेवढ्या वेळात जेनस सहा फेऱ्या करतो. या ७:६ च्या अनुस्पंदनामुळे कण ठरावीक जागी पुन्हा पुन्हा जेनसची ओढ अनुभवतात आणि काठाला सात उंचवट्यांचा आकार येतो. अ-कडे त्याच ठिकाणी संपण्याचे कारण म्हणून व्हॉयेजर यानांच्या काळापासून जेनसकडेच बोट दाखवले जात असे. परंतु जेनस स्वतः दर चार वर्षांनी वाट बदलतो, आणि त्याच्याबरोबर अनुस्पंदनाची जागाही काही किलोमीटर आतबाहेर होते. २००६ ते २०१० या काळात जेनस आतल्या वाटेवर होता तेव्हा सात उंचवट्यांचा आकार स्पष्ट दिसत होता. २०१० मध्ये जेनस बाहेर गेला आणि तो आकार विस्कटला. कड्यांच्या आतल्या भागातही जेनस आणि एपिमीथियस यांच्या ओढीने सर्पिल लाटा उठतात. लाट उगमापासून हळूहळू बाहेर सरकते आणि मध्येच अदलाबदल झाली की नव्या जागेवरून नवी लाट सुरू होते, त्यामुळे एकाच लाटांच्या मालिकेत मागच्या काही अदलाबदलींच्या खुणा एकापुढे एक उमटलेल्या दिसतात.

काठाबाबतच्या या निरीक्षणातून जुन्या समजुतीला धक्का बसला. आठ वर्षांच्या चक्रातील निम्मा काळ ज्याचे अनुस्पंदन काठाशी नीट जुळतच नाही, तो जेनस एकटाच संपूर्ण अ-कड्याला बाहेर पसरण्यापासून कसा रोखू शकेल? कण एकमेकांवर आदळत असल्याने कड्याचा संवेग सतत बाहेरच्या दिशेने वाहत असतो, आणि त्याला कोठेतरी तोंड दिले नाही तर कडे पसरत जाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखवले की हा भार सात उपग्रहांमध्ये वाटला गेलेला आहे. पॅन, ॲटलस, प्रोमीथियस, पँडोरा, एपिमीथियस, मायमस आणि जेनस हे सर्व आपापल्या अनुस्पंदनांच्या जागी लाटा उठवून या वाहत्या संवेगाचा थोडाथोडा भाग काढून घेतात. काठापर्यंत येईतो प्रवाह इतका क्षीण झालेला असतो की शेवटचा तेवढा भाग जेनसच्या ७:६ अनुस्पंदनाला पेलवतो.